न निवलेलं

आज यादीतला एकशे बारावा.
नावाऐवजी आकडा आहे त्याला.
वय दोन कोटी तीस लाख वर्षं,
म्हणजे अजून दात यायचेत.
एकशे साठ प्रकाशवर्षं दूर,
म्हणजे भिंतीला भिंत लागून.

निबाल्दो घुमट उघडतो.
आधी कालामाला तांब्याच्या खाणीत वेल्डर होता;
काळी काच डोळ्यांपुढे धरून
ठिणगीच्या कडेचा सांधा बघायची सवय.
म्हणून त्याला पहिल्याच रात्री कळलं
जे कळायला मला विद्यापीठात पाच वर्षं लागली:
उजेड झाकल्याशिवाय काम दिसत नाही.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही,
हे खरंच.
पण आम्ही तांबडंच झाकतो,
राईएवढीही नसलेल्या तबकडीआड,
आणि वाट बघतो
कुठे कोंबडं दिसतंय का.

तारा ऐकत नाही.
झाकला तरी कडेकडेनं सांडतो,
पडद्यावर लाह्यांसारखे ठिपके,
आणि एकेक लाही म्हणते, मीच.
वर हवा हलते.
खाली आरसा सेकंदाला हजारदा थरथरून
तिची समजूत घालतो,
तरीही.

मग एकच करायचं. आकाशाला फिरू द्यायचं.
खोटे ठिपके यंत्राचे, ते यंत्रापाशी थांबतात.
खरा असेल तो आकाशाबरोबर सरकेल.
चार तास लागतात.
"माणसांसाठी अशी सोय असती तर,"
निबाल्दो म्हणतो,
आणि पुढचं वाक्य कॉफीबरोबर गिळतो.

दोन वाजता मी खाली स्वयंपाकघरात.
बल्ब गेलेला. एदुविना अंधारातच
ट्रेवरून हात फिरवतेय, न टेकवता.
"हे संध्याकाळचे.
हे आत्ताचे."
ताजा पाव अंधारात लपत नाही.

तिला सांगावंसं वाटतं, बाई, आमचंही हेच.
धूळ धुळीवर कोसळून जो गोळा होतो
तो स्वतःच्या घडण्यानंच तापलेला असतो,
किती लाख वर्षं धगधगत राहतो.
मग निवतो.
निवला की संपलं,
असतो तिथेच, पण कुणाच्या हाताला लागत नाही.
म्हणून आम्ही तरुण ताऱ्यांची दारं वाजवतो.
म्हातारे दार उघडतात, दाखवायला काही नसतं.

गेल्या वर्षी चौऱ्याण्णवावा.
तिथे एक ठिपका होता.
आणि तो सरकला! आकाशाबरोबर!
निबाल्दोनं टेबलावर मूठ आपटली.
एदुविनानं केक केला, बरोबर मधे नाही,
जरा डावीकडे एकच चेरी.
मी पहाटे तोकोपियाला बाबांना फोन लावला.
"डोळे निवले असतील तुझे," ते म्हणाले.

पण नियम आहे, वर्षभर थांबायचं.
जवळचा तारा चालतो, मुंगीपेक्षाही हळू, पण चालतो.
पोर त्याचंच असेल तर
बोट धरून तेवढंच पुढे आलेलं दिसेल.

या मार्चमध्ये पुन्हा बघितलं.
तारा पुढे गेला होता.
ठिपका होता तिथेच.
हजारो प्रकाशवर्षं मागचा कुणी जुना तारा,
याचा ना नात्यातला ना गावातला,
फक्त एका रेषेत सापडलेला.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.

साडेपाच.
एकशे बारावा पूर्ण फिरून आला.
लाह्या पुसल्या, उरलेलं एकावर एक रचलं.
काही नाही.
"काही नाही" असं नुसतं लिहिता येत नाही आमच्यात.
लिहावं लागतं:
गुरूच्या तिप्पट वजनापर्यंत, इतक्या अंतराबाहेर, काही नाही.
त्याहून हलकं असेल, किंवा फारच जवळ बिलगलेलं,
तर आम्हाला माहीत नाही.
मी सही करते. निबाल्दो घुमट मिटतो.

खाली एदुविना हातावर पाव ठेवते.
चटका बसतो. या हातातून त्या हातात,
पुन्हा या हातात.

"निवू दे की जरा," ती म्हणते.

नको, मी म्हणते.